एकवीस कला पूर्वेला

वेधशाळेच्या कचेरीत बदलून आलेल्या कारकुनाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "विकलाकाका? का हो, काय विकलं यांनी?" कचेरी त्या दिवशी जी हसली, ती नंतर वर्षभर अधूनमधून हसत राहिली. काका हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला टेबलाशी बोलावून कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. वर्तुळाचे तीनशे साठ अंश, एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण तीस कला रुंद दिसतो. त्या चंद्राचे उभे अठराशे काप केले तर त्यातला एक काप म्हणजे एक विकला. "ह्याच्यापेक्षा जास्त चुकलेलं मला चालत नाही, म्हणून हे नाव," काका म्हणाले, आणि कारकुनाने कागद परत देताना तो दोन्ही बाजूंनी पाहून घेतला.

वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षं, हुद्दा दुर्बीण-चालक. शहरापासून चाळीस किलोमीटरवर टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठाचा घुमट आहे. त्यात मोठी दुर्बीण, एक लाल दिवा, एक लोखंडी कपाट आणि रेक्झिन फाटल्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेली फिरती खुर्ची. खुर्ची काकांची. कपाटही काकांचं. त्याच्या दाराच्या फटीवर ते रोज निघताना चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावतात आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर तो उचकटलेला नाही ना, हे भिंग धरून पाहतात. एकतीस वर्षांत तो एकदाच उचकटलेला निघाला, आणि तोही हवेतल्या दमटपणामुळे. ते मान्य करायला त्यांना दोन आठवडे लागले.

घरातही तेच. तीन घड्याळं आहेत आणि त्यांचा तिन्हींवर विश्वास नाही. ताप मोजायला दोन तापमापक आहेत, कारण पहिला खोटं सांगतो असा त्यांना संशय आहे आणि दुसरा पहिल्याला सामील असल्याचा. त्यांची पत्नी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. तिची मोजपट्टी ते वर्षातून एकदा पोलादी पट्टीवर ठेवून तपासतात. "नवरा करताना माझीही लांबी-रुंदी मोजून घेतली असेल यांनी," असं ती गिऱ्हाइकांना सांगते.

त्या लोखंडी कपाटात एक जाड वही आहे. तिच्यात आकाशातल्या दोनशे चौदा वस्तू आहेत: तारकागुच्छ, तेजोमेघ, जोडतारे. प्रत्येकीपुढे दोन आकडे. जमिनीवरच्या गावाला जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशातल्या जागेला हे दोन. ते दिले की दुर्बीण कुठे वळवायची ते कळतं.

पण हे आकडे टिकत नाहीत. पृथ्वी थकलेल्या भोवऱ्यासारखी अतिशय सावकाश डोलते, आणि त्यामुळे आकाशावरची मोजमापाची जाळी दर वर्षी पन्नास विकला सरकते. म्हणून छापील याद्या एक साल ठरवून घेतात. हल्लीच्या याद्या दोन हजार सालच्या आहेत. त्या सालची जागा घ्यायची आणि आजच्या तारखेपर्यंत सरकवायची. काकांना हे काम ज्या थोरल्या सरांनी शिकवलं, ते सांगून गेले होते की यादी दर जानेवारीत ताजी करायची. सर गेले, सरांनंतरचे दोघे गेले, काकांची जानेवारी चुकली नाही. पहिल्या आठवड्यात घरी बसून दोनशे चौदा ओळी, आधी कोष्टकांवरून आणि नंतर कॅल्क्युलेटरवर, पेन्सिलीने. त्यातले सतरा तारे तर स्वतःच चालणारे. त्यांची स्वतःची चाल वेगळ्या रकान्यात मिळवायची. जुना संगणक बाळबोध होता. आकडा दिला की दुर्बीण त्या आकड्यावर नेऊन उभी करायचा, पुढचं-मागचं विचारायचा नाही. काका दर जानेवारीला त्याला नवे आकडे भरवत. अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मार्चमध्ये नवं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर करारावर एक इंजिनीअरबाई आल्या. तिशीच्या, बोलायला झटपट, पायात कायम बूट. जुना संगणक काढला, नवा बसवला, दुर्बिणीच्या मोटरी बदलल्या, कळा बदलल्या. काकांकडे त्यांनी यादी मागितली. काकांनी वही दिली नाही. वहीतले आकडे संगणकावर उतरवले, पेन ड्राइव्हवर घातले आणि तो स्वतःच्या हाताने यंत्राला लावला. चालू साल वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं होतं. मुखपृष्ठ पेन ड्राइव्हवर जात नाही.

चाचण्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या आणि दुर्बीण चुकायला लागली.

बाईंनी जुळवणीसाठी यंत्राच्या पोटातले तीन ठळक तारे घेतले, ते कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर आले. काकांच्या यादीतलं काही लावलं की पडदा रिकामा. कॅमेऱ्याची चौकट बारा कलांची, चंद्राच्या अर्ध्याहूनही लहान. वस्तू जराशी बाजूला असली तरी दिसणार नाही. मग काका उठत, शेजारच्या लहान शोधक दुर्बिणीला डोळा लावत, हातातल्या कळा दाबत आणि अर्ध्या मिनिटात वस्तू चौकटीत आणून ठेवत.

"काका, माझे तारे मध्यावर येतात. तुमच्या यादीतले येत नाहीत. मग गडबड कुठे असेल?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या ताऱ्यांना कुणी हात लावत नाही. माझ्या यादीला कोण लावतं, तेवढं सांगा."

"फाइल तुम्ही आणून दिलीत. पेन ड्राइव्ह तुमच्याच खिशात असतो."

"खिशात असतो तोवर ठीक असतो."

सप्टेंबरमध्ये संचालकसाहेबांचं पत्र आलं. ऑक्टोबरच्या मधल्या शनिवारी तिघा जणांची समिती येईल. यादीतल्या दहा वस्तू ती निवडेल. माणसाचा हात न लागता दहातल्या नऊ वस्तू मध्यापासून दोन कलांच्या आत आल्या, तर दुर्बीण यापुढे शहरातल्या इमारतीतून चालवली जाईल, घुमटातलं चालकाचं पद बंद होईल आणि काका उरलेली तीन वर्षं भांडारात काढतील. नाही आल्या, तर यंत्र परत जाईल आणि बाईंचा करार संपेल.

पत्र दोघांनाही दिलं होतं. साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावून वर थोडं तोंडीही सांगितलं.

"एक गंमत बघा काका. मशीन चुकलं की तुम्ही लागता. बरोबर चाललं की तुम्ही लागत नाही."

"गंमत कुणाची, साहेब?"

"मी कुठे काय म्हणालो?" साहेब म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

टेकडी उतरताना काकांच्या डोक्यात एकच हिशेब पक्का होत गेला. बाई यादीत हात घालतात. का घालतात ते जमत नव्हतं, कारण यंत्र चुकलं तर बाईंचंच नुकसान होतं. पण शेवटच्या दिवशी सगळं सरळ करून दाखवायचं आणि आधीचा दोष म्हाताऱ्याच्या माथी मारायचा, असाही डाव असू शकतो. त्यांनी यंत्रातली यादी कागदावर छापून घेतली आणि सहा संध्याकाळी पट्टी ठेवून वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. एकही आकडा बदललेला नव्हता. काकांचं समाधान झालं नाही. आकड्याला हात न लावता चोरी करणारा माणूस जास्त पोचलेला असणार.

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी ते दुपारी घुमटात आले तेव्हा प्रिंटरच्या खाचेत चार कागद पडलेले होते. तारीख, वेळ, कळ. १९:०४:११, पश्चिम, दाबली. १९:०४:१९, पश्चिम, सोडली. पानंच्या पानं. काकांनी आधी आपलं मनगटी घड्याळ कागदावरच्या छपाईच्या वेळेशी लावून पाहिलं. नोंदीचं घड्याळ दोन सेकंद पुढे होतं. मग ते बाईंच्या टेबलाशी गेले.

"हे काय आहे बाई?"

"नोंद आहे."

"माझी?"

"कळांची."

"आणि कळांवर बोटं कुणाची असतात?"

बाईंनी खुर्ची वळवली. "साहेबांनी सांगितलं लक्ष ठेवा. आणि खरं सांगू? नसतं सांगितलं तरी मी ठेवलं असतं. दोन महिने माझं मशीन नापास होतंय, आणि दर वेळी तुम्ही उठता आणि अर्ध्या मिनिटात वस्तू काढून देता. त्रेचाळीस वेळा यंत्र लावलं. त्यातल्या एकेचाळीस वेळा तुमची पहिली कळ पश्चिमेची आहे. वस्तू कुठे दडलीये ते तुम्हाला आधी कसं कळतं, काका?"

आपण दर वेळी पश्चिमेची कळ दाबतो हे त्यांना हा कागद पाहीपर्यंत माहीत नव्हतं. हाताने ते परस्पर शिकून घेतलं होतं.

"आणि उरलेल्या दोन वेळा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा कुठलीच कळ दाबली नाही. वस्तू आपोआप मध्यावर आली."

"कुठली वस्तू?"

"काका, विषय बदलू नका."

"हे कागद मी घरी नेतो. प्रत ठेवा तुमच्याकडे. सही करून देऊ?"

"द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी सही खरोखरच घेतली.

बुधवारी काकांनी रजा टाकली. पुढच्या खोलीत पत्नीच्या कापड बेतायच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी मागून घेतला. कळ दाबल्यावर दुर्बीण किती वेगाने सरकते ते त्यांना पाठ होतं. कळ दाबल्याची आणि सोडल्याची वेळ कागदावर होती. म्हणजे दर वेळी ती किती चुकली होती, हे हेरगिरीच्या त्या कागदातूनच मोजून काढता येत होतं. त्यांनी त्रेचाळीस ओळी मांडल्या. धनू राशीतल्या वस्तू एकवीस कलांनी चुकत होत्या, गरुड तारकासमूहातल्या अठरा, शौरीतला मोठा तारकागुच्छ अकरा. दुर्बीण दर वेळी वस्तूच्या पूर्वेला जाऊन उभी राहत होती. आणि उत्तरेकडचा एक हिरवट, लहानसा तेजोमेघ दोन्ही वेळा कणभरही चुकला नव्हता.

घड्याळ चुकलं असतं तर सगळं सारखं सरकलं असतं. मोटर घसरली असती तर बाईंचे तारेही घसरले असते. चोर असता तर त्याने या एकट्या तेजोमेघाला का सोडलं असतं?

काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. पृथ्वी डोलताना आकाशावरची जाळी एका बिंदूभोवती फिरते. त्या बिंदूपाशी जे असेल त्याला ती सरक जवळपास लागतच नाही, लांब असेल त्याला पुरेपूर लागते. हिरवट तेजोमेघ नेमका त्या बिंदूला खेटून आहे. त्यांनी वही उघडली. दोन हजार सालापासून पंचवीस जानेवाऱ्यांत आपण धनूतल्या वस्तूला एकूण किती सरकवलं, याची बेरीज केली. एकवीस कला. गरुडातल्या वस्तूला, अठरा. शौरीतल्या गुच्छाला, अकरा.

नवं यंत्र यादी दोन हजार सालची आहे असं धरून स्वतःच ती आजच्या तारखेपर्यंत सरकवत होतं. काकांनी दिलेली यादी आधीच सरकवलेली होती.

पत्नी कोटाच्या बाहीवर खडूने रेघ मारत होती. काकांनी पेन्सिल खाली ठेवल्याचं तिने पाहिलं. अशी ती सहसा खाली ठेवली जात नाही.

"सापडला का चोर?"

काकांनी सांगितलं. तिने खडू थांबवून ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही सैल धरून माप दिलंत, आणि तिने पुन्हा सैल धरलं."

"तसंच."

"माझ्याकडे महिन्यातून एकदा होतं हे. बाही पार बोटांवर येते. म्हणून मी आधी विचारते, बाई, मोकळं धरून दिलंय का? तिने विचारलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

काका पेन्सिलीला टोक काढू लागले.

"अहो, टोक आहे तिला. आता सांगितलंत तर काय होईल?"

"खुर्ची जाईल. शिवाय साहेब म्हणतील, बघा, म्हाताऱ्यानेच केलं होतं, आपण लागावं म्हणून."

"नाही सांगितलंत तर?"

"बाईंचं काम जाईल. मशीन परत जाईल."

"मग सुटलात की."

"सुटलो कसला? मशीन लगेच उचलून थोडंच नेतात, सहा महिने कागद फिरतील. तोवर एकवीस कला पूर्वेलाच बघत बसेल ते." त्यांनी वहीचं पान उलटलं. "आणि जानेवारीत जवळजवळ बावीस."

पत्नीने पुन्हा खडू उचलला. "मग लिहायला घ्या. दोन प्रतींत लिहा, नाहीतर उद्या तिच्यावर संशय घेत बसाल."

गुरुवारी सकाळी काकांनी बाईंसमोर दोन कागद ठेवले, एक त्यांच्यासाठी आणि एक पोच देण्यासाठी. शेजारी वही ठेवली, मुखपृष्ठ वर करून. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"शनिवारी परीक्षा, आणि गुरुवारी तुम्हाला हे आठवतंय?"

"आठवलं नाही. सापडलं. तुमच्याच कागदांवर."

"आणि मी याच्यावर विश्वास ठेवू?"

"ठेवू नका. मोजून बघा."

बाईंनी दिवसभर मोजलं. दोन हजार सालची छापील यादी बाहेरून मागवली, स्वतः यंत्रात भरली, काकांना पेन ड्राइव्ह खिशातून काढूसुद्धा दिला नाही. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी काकांना हाक मारली.

"जुळतंय, काका. यादीही बरोबर, मशीनही बरोबर. मीच विचारायला हवं होतं."

"मीही सांगायला हवं होतं. खालची ओळ वाचलीत?"

खालच्या ओळीत लिहिलं होतं की दुरुस्तीनंतरही भुजंगधारी तारकासमूहातला एकशे एकतीस क्रमांकाचा तारा मध्यावर येणार नाही. तो स्वतः वर्षाला दहा विकलांहून थोडा जास्त उत्तरेला चालतो, आणि छापील यादीत त्याच्या चालीचा रकाना नाही. शनिवारी दुर्बीण त्याच्या दक्षिणेला चार कला अठ्ठावीस विकलांवर थांबेल.

"हे मात्र पटत नाही," बाई म्हणाल्या. "तारा असा चालायला लागला तर आकाशाचे नकाशे काय रोज छापायचे?"

"पटवून घेऊ नका. पोचेवर सही करा."

साहेबांना दोघांनी मिळून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी यादी तुमचीच." काकांनी हो म्हटलं. हे नकळत झालं यावर साहेबांचा विश्वास बसला नाही, आणि आजही बसलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता समितीचे तिघे घुमटात आले. काकांना दाराजवळ उभं राहायला सांगितलं होतं, हात पाठीमागे. खुर्चीवर बाई होत्या. समितीतल्या दोघांनी नऊ वस्तू निवडल्या. धनूतली पहिली लावल्यावर ती चौकटीच्या मध्यावर आली. पाठोपाठ गरुडातली, शौरीतला गुच्छ, हंसातली जोडी. प्रत्येक वेळी मोटरींचा आवाज थांबायचा, पडदा उजळायचा, आणि वस्तू तिथे असायची. काका दर वेळी मनातल्या मनात मध्यापासूनचं अंतर मोजत होते आणि ते दर वेळी एका कलेहून कमी भरत होतं.

नऊ झाल्या. निकाल ठरला होता. समितीतले सर्वांत वृद्ध परीक्षक खुर्चीजवळ आले. दहावी वस्तू त्यांनी निवडायची होती. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकशे एकतीस."

बाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. काकांनी पाहणं टाळलं. त्यांना त्याच क्षणी संशय आला की बाईंनीच या गृहस्थांना आधी सांगून ठेवलं असणार. बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचाही संशय अगदी तसाच आहे, फक्त उलट दिशेचा.

तारा मध्यावर नव्हता. चौकटीच्या वरच्या बाजूला होता. वृद्ध परीक्षकांनी पडद्यावर मोजमाप करायला लावलं. चार कला सत्तावीस विकला.

"हा चुकला, पण नऊ पुरेत," साहेब घाईने म्हणाले.

बाईंनी बुटाच्या टाचेवर खुर्ची फिरवली, टेबलाच्या खणातून कागद काढला आणि परीक्षकांच्या हातात दिला. "हे गुरुवारी यांनी लिहून दिलंय. पोचेवर माझी सही आहे, तारीख आहे."

परीक्षकांनी चष्मा वर करून कागद वाचला. "अठ्ठावीस लिहिलंय यात."

"एक विकला कुठे गेली ते मी बघतो," काका दारातून म्हणाले. "पडद्याची मोजपट्टी कुणी तपासली आहे का?"

"मीच आठ दिवसांपूर्वी," बाई म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले.

"असे चालणारे तारे किती आहेत यादीत?" परीक्षकांनी विचारलं.

"सतरा."

यंत्र पास झालं. नोव्हेंबरच्या एक तारखेला काकांनी घुमटाची किल्ली पाकिटात घालून, पाकीट बंद करून, जोडावर सही करून साहेबांकडे दिली. भांडारात मात्र ते गेले नाहीत. बाईंनी वर लिहून कळवलं होतं की चालणाऱ्या ताऱ्यांचा रकाना यंत्रात घातल्याशिवाय आणि तो ठेवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय यादीवर आपण सही करणार नाही. आता शहरातल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या फिल्टरशेजारी काकांचं टेबल आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसतात, आकाश दिसत नाही. ठिगळाची खुर्ची त्यांनी मागितली होती. ती घुमटाच्या सामानात नोंदलेली असल्यामुळे मिळाली नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी घरी बसून दोनशे चौदा ओळी केल्या. यंत्र हे काम आता एका क्षणात करतं, हे त्यांना तीन जणांनी सांगून पाहिलं. बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी आपले आकडे यंत्रातून काढून बंद पाकिटात घातले आणि काकांना म्हणाल्या, "तुमचंही पाकीट आणा. एकदम उघडू. आधी तुम्ही माझं बघायचं नाही, मी तुमचं बघणार नाही."

पाकिटं आठ तारखेला सकाळी अकराला उघडली. तीन ओळी जुळल्या नाहीत. दोन ठिकाणी बाईंनी चालणाऱ्या ताऱ्याची चाल उलट चिन्हाने घातली होती. तिसऱ्या ओळीत चूक काकांची होती. ती ओळ त्यांनी बाईंना तीन वेळा करून दाखवायला लावली. तिसऱ्या वेळी कॅल्क्युलेटर बदलला. मग लाल पेन्सिलीने आकडा सुधारला आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

टेबलाच्या खणाच्या फटीवर काका अजून चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावून निघतात. शेजारच्या टेबलाच्या खणावरही हल्ली तसाच एक तुकडा दिसतो. तो बाईंनी लावलेला असतो.